थ्री स्पॉट गोरामी: कम्युनिटी टँकमध्ये (सगळे मासे एकत्र) नर घरटं करतोय पण अंडी टिकत नाहीत, काय करू?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँक आहे, शंभरेक लिटर पाणी बसतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पोरीने हट्ट धरला म्हणून निळ्या गोरामीची जोडी आणली, तेव्हा दोन इंचाची पिल्लंच होती, आता नर चार इंचाला टेकलाय. सोबत सहा गप्पी, चार मॉली, दोन एंजल, पाच टायगर बार्ब आणि काच चाटणारा एक सकर. पाणी बोअरचं, मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) ७०० च्या आसपास येतो. आतला पॉवर फिल्टर दिवसरात्र चालू असतो.

आता झालंय असं की पंधरा दिवसांपासून नराने डाव्या कोपऱ्यात वर फेस करायला घेतलाय. आधी मला वाटलं पाणी खराब झालं म्हणून फेस येतोय, मी दोनदा पेल्याने काढून पण टाकला, मग एके रात्री बघत बसलो तर हा वर जाऊन हवा घेतो, तोंडात घोळवतो आणि एकेक बुडबुडा खालून लावतो, मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकाला एक चिकटलेले. अर्धा तास हललो नाही जागचा. तेव्हापासून त्याला हात लावला नाही.

पण फिल्टरच्या धारेने ते घरटं रोज सकाळपर्यंत अर्धं वाहून जातं. मागच्या सोमवारी मादीने बहुतेक अंडी दिली, फेसात पांढुरके कण दिसत होते, संध्याकाळी कामावरून आलो तर एक पण नाही. आणि मादीची अवस्था वाईट आहे, शेपटी फाटलीय, ती सकरच्या मडक्यामागे लपून बसते, बाहेर आली की नर धावून जातो. नराच्या त्या खालच्या लांब मिशा असतात ना, त्यातली एक अर्धी तुटलीय, ते कोणी केलं माहीत नाही.

दुकानात विचारलं तर म्हणाले जोडी जमत नाही, मादी बदलून घ्या. मला ते पटत नाही. पोरीला पिल्लं बघायचीत आणि मला मादी वाचवायचीय. वेगळा टँक घ्यावा लागेल का? किती मोठा? कोणी खान्देशातल्या पाण्यात गोरामीची पिल्लं जगवली असतील तर प्लीज सविस्तर सांगा.


पांझराकाठचा (धुळे)

भाऊ, सगळ्यात आधी मादी आजच्या आज बाहेर काढ. बादली असेल तर बादलीत ठेव, वरून जाळी टाक, उडी मारतात. बाकीचं सगळं नंतर. घरटं बांधलेला नर आणि तीन फुटात एकच मादी असली की तो तिला मारून टाकू शकतो, मी स्वतः एक मादी अशी गमावलीय, सकाळी उठलो तर तळाशी पडलेली होती आणि नर वर घरट्याची डागडुजी करत होता. ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही.

जोडी जमत नाही हे खरं नाही. उलट जमलीय म्हणूनच अंडी दिली. नर वाईट नाही, त्याच्यासाठी तो कोपरा आता घर झालंय, आणि मादी पोटात अंडी तयार नसताना तिथे दिसली की तो तिला हाकलतो. मोकळ्या पाण्यात ती दहा फूट लांब निघून जाते, तुझ्या टँकमध्ये जाणार कुठे? माझी आजी मासे बघायला बसायची आणि नर मागे लागला की म्हणायची, "आरे, त्याले जागा दे ना." सगळं त्या एका वाक्यात आलं.

मिशी टायगर बार्बने तोडली, शंभर टक्के. ती मिशी नाही खरं तर, ते पोटाखालचे पर आहेत, दोऱ्यासारखे झालेले, त्यांनी तो समोरचं चाचपडून बघतो, चव पण घेतो. बार्बला लटकणारी वस्तू दिसली की चावा घेतल्याशिवाय राहवत नाही. गोरामी आणि टायगर बार्ब एकत्र ठेवू नयेच. एंजलचे पर पण तोडतील आज ना उद्या. बार्ब दुसरीकडे दिलेस तर टँक निम्मा शांत होईल. मिशी परत येते, महिना दीड महिना लागतो, पाणी स्वच्छ ठेव.

आता मासा कोणता ते नीट समजून घे. तुझा थ्री स्पॉट. अंगावर ठिपके दोनच असतात, एक मधे आणि एक शेपटीच्या मुळाशी, तिसरा म्हणजे डोळा. निळा, सोनेरी, ढगाळ नक्षीचा ओपलाइन, दुकानात तीन नावांनी तीन भावात विकतात पण जात एकच, एकमेकांत पैदास होते. मूळचा आग्नेय आशियातला, भातखाचरं, डबकी, दलदल असल्या ठिकाणी राहणारा. म्हणून चिवट. आपलं बोअरचं जड पाणी त्याला चालतं, ७०० टीडीएसला माझ्याकडे अंडी दिलीत, पिल्लं पण जगलीत. मोठा होऊन पाच इंचापर्यंत जातो, कधी सहा.

नर मादी ओळखायची तर पाठीवरचा पर बघ. नराचा लांब आणि टोकदार, मागे शेपटीपर्यंत पोचतो. मादीचा आखूड, गोलसर. रंगावर जाऊ नको.

वेगळा टँक लागेलच. २ बाय १ बाय १ फूट पुरे, जुना असला तरी चालेल, गळत नसला म्हणजे झालं. पाणी मात्र पूर्ण भरायचं नाही, सहा इंच, फार तर आठ. कारण नर घरट्यातून खाली पडलेली पिल्लं तोंडात धरून वर नेतो, पाणी खोल असलं की त्याची दमछाक होते आणि पिल्लं तळाशी गेली तर वर येऊ शकत नाहीत. वाळू, गोटे काही नको, तळ उघडा ठेव. स्पंज फिल्टर, तोही इतका मंद की वरचं पाणी हलता कामा नये, एअर पंपच्या नळीला चिमटा लावून बुडबुडे कमी कर. एका टोकाला तरंगती झाडं, सॅल्व्हिनिया मिळाला तर उत्तम, नाहीतर हायड्रिलाचा जुडगा. थर्माकोलचा तळहाताएवढा तुकडा तरंगत ठेवला तर नर त्याच्याखाली पण घरटं करतो, मला तर ते जास्त आवडतं, उचलून बघता येतं. दुसऱ्या टोकाला मादीला लपायला जागा, फुटकं मडकं, पाइपाचा तुकडा, दाट झाड, काहीही, पण दोन ठिकाणी.

तापमान २७ ते २९. सध्या पावसाळा आहे, हीटर नाही लावला तरी चालेल अमळनेरला. आणि हाच मोसम आहे रे, पाऊस पडून गेला, हवा दमट झाली की ह्यांना आपोआप सुचतं. मे महिन्यात आपल्याकडे खोलीतलं पाणी ३३-३४ ला जातं, मोठे मासे वर येऊन हवा घेतात म्हणून तग धरतात पण पैदाशीच्या भानगडीत तेव्हा पडू नये.

वर काचेचं झाकण हवंच, त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे पिल्लांच्या वेळी सांगतो. आधी मादी काढलीस का ते लिही.


बोरीकाठ (अमळनेर)

काढली दादा, तुमचं वाचलं तसा उठलो. २० लिटरच्या बादलीत ठेवलीय, नळाचं पाणी नाही घातलं, टँकचंच घातलं, वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला. अजून खात नाही पण शांत आहे. टायगर बार्बसाठी गल्लीतल्या एका पोराला विचारलंय, त्याच्याकडे वेगळा टँक आहे.

एक विचारतो. अंडी टँकमध्ये कोणी खाल्ली असतील, नराने का बाकीच्यांनी?


गिरणामाय (चाळीसगाव)

बाकीच्यांनी. मॉली आणि गप्पी अंडी दिसली की सोडत नाहीत आणि एंजल तर पिल्लं पण नाही सोडत. नर एकटा इतक्यांना किती हाकलणार.

पण माझं मत पांझराकाठच्या दादांपेक्षा थोडं वेगळं आहे. प्रत्येकाला वेगळा टँक परवडतो असं नाही, जागा पण नसते घरात. माझा चार फुटी आहे, वरचा निम्मा भाग मी सॅल्व्हिनिया आणि हॉर्नवर्टने गच्च भरलाय, पॉवर फिल्टरचं तोंड भिंतीकडे फिरवलं की पाणी हलत नाही. एंजल नाहीत, बार्ब नाहीत, मॉली, प्लॅटी आणि झेब्रा डॅनिओ. नर एक, माद्या तीन, म्हणजे एकीवरच सगळा जोर येत नाही. दोन वर्षांत काही न करता माझ्याकडे सात पिल्लं मोठी झालीत त्या झाडीत. सातच, पण मला तेवढीच पुरेत, शेकड्याने पिल्लं झाली तर ठेवणार कुठे? नराला त्याचं घरटं करू द्यावं, बघावं, आनंद घ्यावा.


पांझराकाठचा (धुळे)

गिरणामाय, तुमचं बरोबर आहे, चार फूट आणि एका नरामागे तीन माद्या हे गणित कम्युनिटी टँकसाठी एकदम योग्य. ह्या भावाच्या मुलीला पिल्लं बघायचीत म्हणून मी वेगळ्या टँकचं म्हटलं. आणि ज्याला नुसतं शांत टँक हवाय त्याने थ्री स्पॉटऐवजी पर्ल गोरामी घ्यावी असं मी सगळ्यांना सांगतो, अंगभर मोत्याचे ठिपके आणि नराचा गळा विणीच्या वेळी केशरी लाल होतो, स्वभावाने कितीतरी गरीब. किसिंग गोरामी मात्र नको, दुकानात दीड इंचाची गुलाबी गोंडस दिसते, मोठी झाली की आठ-दहा इंच. जायंट गोरामीचं तर नावच काढू नका, तो खायचा मासा आहे, दोन फुटाच्या वर जातो.


केळीबाग (रावेर)

भाऊ, मी ताई आहे, नावावरून सगळे दादा म्हणतात म्हणून आधीच सांगते :) मी तीन वर्षं थ्री स्पॉट आणि एकदा पर्लची पिल्लं वाढवलीत. वर सगळे अंड्यांबद्दल बोलतायत. अंडी देणं अवघड नाहीच, ही जात अंडी देते, हजारभर पण देते एका वेळी. पिल्लं मरतात ती पहिल्या दहा दिवसांत आणि मरतात उपाशी. माझी पहिली पूर्ण खेप तशी गेली, चौथ्या दिवशी शेकडो होती, नवव्या दिवशी एक नाही. मी पिवळ्या बलकाचं पाणी घालत होते, ते त्यांच्या तोंडात मावत नाही आणि पाणी नासतं ते वेगळं. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा.

त्यामुळे जोडी टँकमध्ये सोडायच्या दिवशीच इन्फ्युसोरिया, म्हणजे पिल्लांना खायला पाण्यातले अगदी बारीक जीव, करायला ठेव. अंडी दिसल्यावर नाही, तेव्हा उशीर झालेला असतो. कसं करायचं सांगते. काचेची मोठी बरणी घे, लोणच्याची असेल तर मसाल्याचा वास जाईपर्यंत गरम पाण्याने धू, साबण नको. तुझ्या टँकचंच जुनं पाणी भर, त्यात हायड्रिलाची एक काडी आणि केळीच्या सालीचा दोन बोटं तुकडा. तोंडाला सुती कापड बांध, नाहीतर डास अंडी घालतात. खिडकीत ठेव, थेट ऊन नको. दोन दिवसात पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि वास मारतं, तेव्हा घाबरून फेकू नको आणि तेव्हा पिल्लांना घालू पण नको. चौथ्या पाचव्या दिवशी आपोआप निवळतं. मग अंधारात बरणीमागे मोबाइलचा टॉर्च धर, धुळीचे कण दिसतील आणि ते कण स्वतःहून फिरत असतील, धूळ एका दिशेला जाते, हे कसेही फिरतात. ते झालं इन्फ्युसोरिया. दोन बरण्या दोन दिवसांच्या अंतराने लाव म्हणजे खंड पडत नाही.

केळीची साल कुठली घ्यायची ते पण महत्त्वाचं. आम्ही केळीवाले आहोत, करपा रोगासाठी बागेत काय काय फवारतो ते मला माहीत आहे. घरापुढच्या दोन खोडांना आम्ही फवारत नाही, माशांसाठी मी त्याचंच वापरते. त्याचीच वाळकी पानं पण मी टँकमध्ये टाकते, झाडावरच वाळून तपकिरी झालेली, हिरवी नाही, धुवून हातभर तुकडा. पाणी चहासारखं होतं, त्या पानांवर पण बारीक जीव वाढतात आणि पिल्लं दिवसभर तिथे टिपत असतात. बागेत फवारणी झालेलं पान चुकून पण नको, एका पानात सगळी खेप जाईल. केळी नसेल तर शाळेच्या मैदानात ते मोठ्या पानांचं बदामाचं झाड असतं, त्याचं गळलेलं लाल पान चालतं.

मादीला आठ दिवस चांगलं खाऊ घाल मग सोड. कूलरच्या टाकीत किंवा गच्चीवर बादलीत डासांच्या अळ्या होतातच आता, चहाच्या गाळणीने गाळायच्या, स्वच्छ पाण्यात दोनदा धुवायच्या आणि पाच मिनिटात संपतील एवढ्याच घालायच्या. पण बादली दर तिसऱ्या चौथ्या दिवशी पूर्ण उपडी करायची हा नियम, आठवड्यात अळीचा डास होतो आणि सध्या डेंग्यूचे दिवस आहेत. उघड्या नाल्यातलं ट्युबिफेक्स (लाल बारीक किडे) अजिबात नको, रोग घेऊन येतात.


पांझराकाठचा (धुळे)

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. पुढचं मी सांगतो.

मादीचं पोट भरून आलं की आधी नराला नव्या टँकमध्ये सोड, एक दिवस एकटा राहू दे, त्याला कोपरा पसंत पडू दे. मग मादी. पहिले काही तास पळापळ होईल, लक्ष ठेव, पण पर फाटायला लागले तर काढून घे, परत चार दिवसांनी सोड. तयार मादी स्वतःहून घरट्याखाली येते आणि नराच्या कुशीला तोंड लावते. मग नर तिच्याभोवती धनुष्यासारखा वळतो, तिला उलटी करतो, पोट वर, आणि अंडी सुटतात. अंड्यात तेल असतं म्हणून ती वरच तरंगत जातात, जी इकडेतिकडे जातात ती तो तोंडात गोळा करून फेसात थुंकतो. दोन तीन तास चालतं हे. खोलीत मोठ्याने चालू नका, लाइट चालू-बंद करू नका.

संपलं की मादी लगेच बाहेर. आता नरच आई आणि बाप. त्याला खायला थोडंच दे. रात्री खोलीत झिरोचा बल्ब राहू दे, अंधारात त्याला घरट्यातून सुटलेली अंडी सापडत नाहीत. पांढरी, केसाळ झालेली अंडी बुरशीची असतात, नर बहुतेक स्वतःच काढतो. दिवस सव्वा दिवसात फुटतात, तेव्हा घरट्याखाली बारीक शेपट्या लटकलेल्या दिसतील. तिसऱ्या चौथ्या दिवशी आडवी पोहायला लागली की नर काढायचा, कारण नंतर तो त्यांना गोळा करून थकतो आणि मग खातो. आणि त्याच दिवसापासून ताईंची बरणी, दिवसातून तीन चार वेळा अर्धा अर्धा पेला. पहिला आठवडा तेच, मग नुकतं अंड्यातून फुटलेलं आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले झिंग्यासारखे बारीक जीव), त्याला मीठपाण्याची वेगळी बाटली लावावी लागते, ते तेव्हा सांगतो.

झाकणाचं राहिलं होतं. गोरामीला कल्ल्यांशिवाय डोक्यात हवेने श्वास घ्यायचा एक अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात, चक्रव्यूहासारखा घड्यांचा असतो म्हणून ते नाव. जन्मताना तो नसतो. पिल्लं तीन चार आठवड्यांची झाली की तयार होतो आणि तेव्हा ती पहिल्यांदा वर येऊन हवा घेतात. त्यावेळी पाण्यावरची हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट हवी. आपल्याकडे डिसेंबरात धुळ्याला रात्री पारा सात आठला जातो, पाणी २८ आणि वरची हवा १२ अशी झाली की पिल्लं पटापट जातात, माझ्या ओळखीत एकाची पूर्ण खेप अशी गेली आणि तो महिनाभर पाण्यात रोग शोधत होता. काच ठेव, एका कोपऱ्यात बोटभर फट सोड.

लोडशेडिंगची काळजी करू नको, सहा इंच पाण्यात दोन चार तास पंप बंद राहिला तर काही होत नाही.


सातपुडा_शहादा

मधेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. मी ड्वार्फ गोरामी तीनदा आणल्या, लाल निळ्या पट्ट्यांच्या, तिन्ही वेळा महिना दीड महिन्यात मेल्या. रंग उडतो, कोपऱ्यात बसते, पोट फुगतं, अंगावर जखम होते. औषधं सगळी झाली. बाकी मासे ठणठणीत. माझं काय चुकतंय?


केळीबाग (रावेर)

दादा तुमचं चुकत नसावं. ड्वार्फ गोरामीत एक विषाणू असतो, इरिडोव्हायरस, फार्मवर वाढवलेल्या माशांत बराच पसरलाय, तुम्ही लिहिलीत तीच लक्षणं. त्याला औषध नाही. दुकानात टँकमधल्या सगळ्याच ड्वार्फ मलूल दिसल्या तर त्यातली चांगली दिसणारी पण घेऊ नका. घेतलीच तर महिनाभर वेगळी ठेवून मग कम्युनिटीत सोडा. आणि ड्वार्फला मऊ पाणी बरं पडतं, तुमच्याकडे बोअर असेल तर निम्मं आरओचं जारचं पाणी मिसळून बघा, आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी नव्हे, ते अजून जड असतं.

वाईट वाटतं कारण तो आपला मासा आहे, भारतातला, गंगा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाने १८२२ साली गंगेतल्या माशांवर पुस्तक लिहिलं त्यात ह्याची नोंद आहे, हनी गोरामीची पण. हनी घेऊन बघा, दोन इंचाची, मधाच्या रंगाची, एकदम शांत, टेट्रासारख्या छोट्या माशांबरोबर छान राहते.


बोरीकाठ (अमळनेर)

मंडळी, झालं!!

दादांनी आणि ताईंनी सांगितलं तसं सगळं केलं. जुना टँक ओळखीतून मिळाला, बरण्या दोन लावल्या, घरात वास आला म्हणून दोन दिवस बोलणी खाल्ली, नंतर खरंच पाणी काचेसारखं झालं. मादी बारा दिवस बादलीत होती, अळ्या खाऊन गोल झाली, शेपटी पण भरत आली.

आणि दिवस कोणता निवडला तिने, तर श्रावणातला कानबाई देवीचा रविवार. घर पाहुण्यांनी भरलेलं, स्वयंपाकघरात रोटांची तयारी, कानबाई बसलेली, गाणी चालू, आणि आतल्या खोलीत पोरगी एकटी टँकसमोर मांडी घालून. ती धावत आली, "पप्पा, बाबाने आईला मिठी मारली." मी गेलो तर नर तिला उलटी करत होता, एकेका मिठीला पंचवीस तीस दाणे, साबुदाण्यापेक्षा पण कितीतरी लहान, वर तरंगत जाताना उजेडात चमकायचे. माझी आई हातातलं काम टाकून आली, तिने आयुष्यात पहिल्यांदा मासा असा बघितला. मादी लगेच काढली. सोमवारी रात्री शेपट्या लटकल्या, गुरुवारी पोहायला लागली, नर काढला.

प्रश्न एकच, पोटं दिसतात का ह्यांची? भरलंय का उपाशी आहे ते कळणार कसं?


केळीबाग (रावेर)

किती छान!! मुलीला माझ्याकडून शाबासकी सांग.

पोट दिसतं. भिंग घे आणि बाजूने टॉर्च मार. पारदर्शक असतात, डोळ्यामागे पोट फुगीर, पांढुरकं दिसलं तर खातायत. पोटाच्या जागी खोबण आणि डोकं मोठं वाटलं तर उपाशी, बरणीचं पाणी वाढव. सगळ्यांना सारखं मिळत नाही, पंधरा दिवसांनी लहानमोठी वेगळी करावी लागतील नाहीतर मोठी छोट्यांना गिळतात. पाणी रोज दहा टक्के बदल, काढताना नळीच्या तोंडाला स्पंज, घालताना नळीला गाठ मारून थेंब थेंब.


बोरीकाठ (अमळनेर)

उशिरा लिहितोय, माफ करा. मधे सहाव्या सातव्या दिवशी बरीच गेली, रोज सकाळी तळाशी पांढरे दोरे दिसायचे, पोरगी रडली. मग तिसरी बरणी लावली आणि आर्टेमिया सुरू केलं, दादांनी फोटो बघून मीठ कमी पडतंय सांगितलं ते बरोबर निघालं. आर्टेमिया खाल्लं की पोटं केशरी होतात, ते बघून जीवात जीव आला.

पोळ्याच्या दिवशी बैल मिरवून झाले, घरी आलो, टँकसमोर बसलो, तर एक पिल्लू सरळ वर गेलं, पाण्याच्या पातळीला तोंड लावलं, इवलासा बुडबुडा सोडून खाली. मग दुसरं. झाकणाच्या काचेवर आतून वाफ धरलेली होती, तेवढी जागा पुसून आम्ही दोघं बघत होतो. आज मोजली, हलतात म्हणून तीनदा मोजली, एकशे बारा ते एकशे वीस. नर परत मोठ्या टँकमध्ये आहे, मिशी बोटभर वाढलीय. मादी आता दोन नव्या मैत्रिणींबरोबर. बार्ब गेले, एंजल पण दिले.

एवढी पिल्लं मोठी झाल्यावर काय करायचं? घरचे म्हणतात बोरी नदीला पाणी आलंय, निम्मी सोडून दे.


पांझराकाठचा (धुळे)

नदीत अजिबात नको भाऊ. हा आपल्याकडचा मासा नाही, चिवट आहे, घाण पाण्यात पण जगतो, आपल्या नदीतल्या बारीक माशांची अंडीपिल्लं खाईल. बोरी, पांझरा, तापी कुठेच नाही, विहिरीत पण नाही. दीड इंचाची झाली की दुकानदार घेतात, पैशात नाही तर खाद्याच्या बदल्यात. शाळेला टँक असेल तर दहा बारा तिकडे दे.

आणि वीस माझ्यासाठी राखून ठेव, दिवाळीला अमळनेरला येणं आहे माझं.


केळीबाग (रावेर)

मला पण पाच. निळीच हवीत, माझ्याकडे सगळी सोनेरी आहेत. येताना वाळकी पानं घेऊन येते, न फवारलेली.


बोरीकाठ (अमळनेर)

ठेवली. पोरीने वहीत दोघांची नावं लिहून घेतलीत, ताईंचा आकडा तिने स्वतःच पाचाचा आठ केलाय.